डेटाबेस सर्व्हर आणि त्याचा कारभारी

चेन्नई शहराला पाऊस मिळतो तो मुख्यतः ईशान्येकडून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांपासून. महाराष्ट्रात आकाश निवळून रब्बीची कामे चालू असतात, नेमक्या त्याच दिवसांत बंगालच्या उपसागरातील वादळे ह्या शहराच्या दारावर येऊन ठेपतात. २०१५ सालच्या डिसेंबरच्या पहिल्या दिवशी तेथे असा काही पाऊस झाला की, चेंबरमबाक्कम तलावातून सोडलेले पाणी आणि आभाळातून पडणारे पाणी एकत्र होऊन अड्यार नदीने आपले काठ सोडले. विमानतळ कित्येक दिवस बंद राहिला. १८७८ पासून निघत असलेले ‘द हिंदू’ हे दैनिक २ डिसेंबरला शहरात छापता आले नाही, कारण कामगारांना छापखान्यापर्यंत पोहोचणेच अशक्य झाले. पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबर २०१६ रोजी, ‘वर्दा’ हे चक्रीवादळ शहराजवळ किनाऱ्यावर चढले आणि हजारो झाडांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ वादळाच्या पावसाने अनेक वस्त्या पुन्हा पाण्यात गेल्या. प्रत्येक वेळी वीज गेली. कोठे काही तास, कोठे काही दिवस.

अशा एका रात्री शहरातील एखाद्या मध्यम आकाराच्या रुग्णालयाचे चित्र वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. रुग्णांची नावे, रक्तगट, दिलेली औषधे, तपासण्यांचे निष्कर्ष, भरलेले पैसे, हे सर्व एका संगणकावरील डेटाबेसमध्ये आहे. रस्त्यावरची वीज जाते. बॅटरी दहा मिनिटे पुरते. जनित्राच्या खोलीत गुडघाभर पाणी आहे. पहाटे तीन वाजता वीज परत येते. परंतु संगणक सांभाळणारा गृहस्थ वेळचेरीला आपल्या घराच्या गच्चीवर अडकून पडलेला आहे आणि त्याचा दूरध्वनी लागत नाही. रात्रपाळीच्या परिचारिकेला मात्र एका रुग्णाला औषधाची मागची मात्रा किती वाजता दिली गेली हे त्याच क्षणी पाहावयाचे आहे.

येथे दोन प्रश्न उद्भवतात. वीज गेली त्या निमिषाला जे लिहिले जात होते त्याचे काय झाले? आणि वीज परत आल्यावर, जवळपास कोणी जाणते माणूस नसताना, डेटाबेस पुन्हा कामाला कोण लावील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर डेटाबेसच्या रचनेत सापडते, दुसऱ्याचे ऑपरेटिंग सिस्टिमच्या रचनेत. ही दोन्ही उत्तरे स्वतंत्रपणे बरोबर असूनही परस्परांशी जुळलेली नसली तर कार्यभाग साधत नाही, किंबहुना कधी कधी अनर्थ ओढवतो. तो कसा, हे समजण्यासाठी आधी डेटाबेस लिहितो कसा हे पाहिले पाहिजे.

कीर्द आणि खतावणी

आपल्याकडील जुन्या पेढीवर दोन वह्या असत. दिवसभरात जो व्यवहार ज्या क्रमाने घडे, त्या क्रमाने तो रोजकीर्दीत उतरवला जाई; नंतर सवडीने प्रत्येक नोंद खतावणीत त्या त्या खातेदाराच्या पानावर नेली जाई. कीर्द लिहिणे सोपे, कारण लेखणी एकाच दिशेने पुढे सरकते. खतावणी लिहिणे वेळखाऊ, कारण प्रत्येक नोंदीसाठी वेगळे पान उघडावे लागते. मुनीम दुपारी अकस्मात उठून गेला तरी पेढी बुडत नसे. संध्याकाळी दुसरा कोणी बसे, खतावणीवरील शेवटची खूण पाही, आणि त्या खुणेनंतरची कीर्द वाचत वाचत राहिलेल्या नोंदी खात्यांवर चढवी.

आधुनिक डेटाबेस सर्व्हर नेमके हेच करतो. त्याची खतावणी म्हणजे डिस्कवरील पानांचा संच. पोस्टग्रेस ह्या सुप्रसिद्ध डेटाबेसमध्ये एक पान ८ किलोबाइटचे असते. ही पाने प्रत्येक फेरफारानंतर लगेच डिस्कवर लिहिली जात नाहीत. ती बराच काळ स्मृतीतच बदललेल्या अवस्थेत राहतात. डिस्कवर ताबडतोब उतरते ती फक्त कीर्द. परिचारिकेने ‘नोंद झाली’ हे उत्तर पडद्यावर पाहिले, ह्याचा अर्थ त्या व्यवहाराची कीर्दीतील ओळ डिस्कपर्यंत पोहोचली आहे, असे वचन डेटाबेसने दिले. खतावणीचे पान अजून जुनेच असेल. त्याने वचन मोडत नाही.

मधून मधून डेटाबेस स्मृतीतील सर्व बदललेली पाने डिस्कवर उतरवतो आणि कीर्दीत खूण करतो की, ह्या ठिकाणापर्यंतचा मेळ बसला. ह्यास चेकपॉइंट म्हणतात. पोस्टग्रेसमध्ये, वेगळी आज्ञा दिलेली नसल्यास, तो अधिकात अधिक पाच मिनिटांनी होतो. कीर्द फार वेगाने वाढत असेल तर त्याहूनही लवकर. वीज गेल्यानंतर पुन्हा सुरू होताना डेटाबेस शेवटच्या चेकपॉइंटपासून कीर्द वाचू लागतो आणि प्रत्येक नोंद पानांवर पुन्हा घडवून आणतो.

येथे एक बारीक अडचण आहे. पान ८ किलोबाइटचे. पण डिस्क एका दमात त्याहून लहान तुकडाच निश्चितपणे लिहू शकते. वीज बरोबर मध्ये गेली तर अर्धे पान नवे आणि अर्धे जुने, असा विचित्र प्रकार घडू शकतो. असल्या फाटक्या पानावर कीर्दीतील फेरफार चढवून उपयोग नाही. ह्यावर तोड अशी की, प्रत्येक चेकपॉइंटनंतर एखाद्या पानाला प्रथमच हात लागला म्हणजे त्या संपूर्ण पानाची नक्कल कीर्दीत घ्यावयाची. कीर्द फुगते खरी, परंतु फाटलेल्या पानाच्या जागी अखंड पान ठेवता येते.

ह्या विद्येच्या इतिहासात चेन्नईचा एक धागा आहे. सी. मोहन ह्यांनी १९७७ साली तेथील आय. आय. टी. मद्रास ह्या संस्थेतून रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे टेक्सास विद्यापीठात संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवून ते १९८१ मध्ये आयबीएमच्या संशोधन संस्थेत गेले. १९९२ साली त्यांनी चार सहकाऱ्यांसह ‘एरीज’ ही पुनःस्थापनेची पद्धती सविस्तर प्रसिद्ध केली. त्यात अपघातानंतर कीर्द तीनदा चाळली जाते. पहिल्या वेळी कोणते व्यवहार अर्धवट राहिले आणि कोणती पाने मागे पडली ह्याची छाननी होते. दुसऱ्या वेळी घडलेले सर्व काही, अर्धवट व्यवहारांसुद्धा, जसेच्या तसे पुन्हा घडवले जाते. तिसऱ्या वेळी उलट्या दिशेने जाऊन जे व्यवहार पुरे झाले नाहीत ते पुसले जातात. जे पुसावयाचे तेच आधी पुन्हा लिहावयाचे, हे प्रथमदर्शनी व्यर्थ वाटते. परंतु त्यायोगे डेटाबेस अपघाताच्या क्षणी होता त्याच स्थितीत अचूक उभा राहतो आणि मागे फिरण्याचे काम नेहमीच्याच नियमांनी करता येते. पोस्टग्रेस ह्याहून साधी वाट धरतो. तो ओळींच्या जुन्या आवृत्त्या टाकून देत नाही, त्यामुळे अपुऱ्या व्यवहाराने लिहिलेल्या नव्या आवृत्तीकडे दुर्लक्ष केले की झाले. तिसरी फेरी त्यास लागत नाही.

मालकाविना चालणारे प्रोग्रॅम

आता दुसरा प्रश्न. संगणकापुढे बसून कोणी एखादा प्रोग्रॅम सुरू केला तर तो प्रोग्रॅम त्या माणसाच्या बैठकीशी बांधलेला असतो. माणूस उठून गेला, खिडकी मिटली, की सामान्यतः प्रोग्रॅमही संपतो. पत्र लिहिण्याच्या प्रोग्रॅमला हे ठीक आहे. ज्याच्यापाशी शंभर लोक दिवसरात्र येऊन विचारणा करतात त्याला ते चालणार नाही. तो कोणाच्याही बैठकीशी निगडित नसावा, संगणक जागा होताच जागा व्हावा आणि संगणक झोपण्यापूर्वी नीट आवरून बसावा.

अशा मालकाविना चालणाऱ्या प्रोग्रॅमला युनिक्सच्या परंपरेत ‘डीमन’ म्हणतात. नावाची कथा मनोरंजक आहे. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल ह्याने १८६७ साली एका पत्रात एक काल्पनिक जीव वर्णिला होता: हवेच्या दोन कप्प्यांमधील झडपेपाशी बसून तो जलद रेणू एका बाजूस व मंद रेणू दुसऱ्या बाजूस वेगळे करीत राहतो. पुढे त्यास ‘मॅक्सवेलचा डीमन’ असे नाव पडले. १९६३ च्या सुमारास एमआयटीमध्ये ‘प्रोजेक्ट मॅक’वर काम करणाऱ्या मंडळींनी पडद्याआड अखंड राबणाऱ्या आपल्या प्रोग्रॅमांना तेच नाव दिले. आपल्याकडे वेताळाने विक्रमाची कामे करावीत त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की हा वेताळ प्रश्न विचारीत नाही.

पण वेताळ पुष्कळ झाले म्हणजे त्यांच्यावर कोणी कारभारी नेमावा लागतो. विंडोज एनटीमध्ये १९९३ पासून असा कारभारी होता. युनिक्सच्या घराण्यात दीर्घकाळ हे काम क्रमांक घातलेल्या छोट्या आज्ञापत्रांवर भागवले जाई. संगणक सुरू होताना ती एकामागून एक वाचली जात, आणि एकदा सुरू केलेला प्रोग्रॅम पुढे जगला की मेला ह्याची चौकशी कोणी करीत नसे. २०१० साली लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स ह्यांनी ‘सिस्टिमडी’ पुढे आणला आणि लिनक्सच्या बहुतेक प्रमुख वाणांनी पुढील काही वर्षांत तो स्वीकारला. त्याच्या बाजूने व विरुद्ध बरीच शाई खर्ची पडली आहे. तो वाद येथे सोडून देऊ. आपल्यापुरते महत्त्वाचे इतकेच की, सिस्टिमडी आपल्या हाताखालच्या प्रत्येक सेवेवर अखेरपर्यंत नजर ठेवतो, आणि ती सेवा कशी चालवावी ह्याचे एक लहानसे लेखी टिपण त्याच्यापाशी असते. चेन्नईच्या त्या रुग्णालयाचे दैव ह्या टिपणातील दहाबारा ओळींवर अवलंबून आहे.

नोकराची ओळख आणि घराची चावी

टिपणात प्रथम लिहावयाचे ते हे की, डेटाबेस कोणाच्या नावाने चालावा. संगणकाच्या सर्वाधिकाऱ्याच्या नावाने तो कधीही चालवू नये. डेटाबेसमध्ये शिरलेला घुसखोर त्याच क्षणी सगळ्या यंत्राचा धनी होईल. पोस्टग्रेस तर सर्वाधिकाऱ्याच्या नावाने सुरू होण्यास साफ नकार देतो. त्याच्यासाठी स्वतंत्र वापरकर्ता निर्माण करावा आणि खतावणीच्या दालनाची चावी फक्त त्याच्याकडे असावी.

हा वापरकर्ता ‘यंत्रणेचा’ म्हणून नोंदलेला असावा, सामान्य माणसाचा म्हणून नव्हे. हा भेद क्षुल्लक वाटतो. परंतु सिस्टिमडीला अशी सवय आहे की, एखादा सामान्य वापरकर्ता उठून गेला म्हणजे त्याने स्मृतीत मागे ठेवलेल्या सामायिक वस्तू झाडून टाकाव्यात. आता समजा, दुपारी व्यवस्थापक डेटाबेसच्याच नावाने यंत्रात आला, काही तपासून निघून गेला. कारभाऱ्याने घर झाडले. आणि त्या केरात चालू डेटाबेसच्या सामायिक वस्तूही गेल्या. डेटाबेस भलत्याच वेळी कोलमडतो आणि कारण शोधणारा डिस्कला दोष देत बसतो. यंत्रणेच्या वापरकर्त्याला ही झाडलोट लागू होत नाही.

दुसरी ओळ क्रमाची. खतावणी ज्या डिस्कवर आहे ती डिस्क जोडली गेल्याशिवाय डेटाबेस सुरू होऊ नये, असे टिपणात स्पष्ट लिहिले पाहिजे. पुरातून सावरणाऱ्या यंत्रात दुसरी डिस्क उशिरा जागी होणे अशक्य नाही. त्या अवकाशात डेटाबेसला आपले दालन रिकामे दिसते. तो केवळ तक्रार करून थांबला तर उत्तम. परंतु काही ठिकाणी सुरुवातीच्या आज्ञापत्रात अशी ‘सोय’ ठेवलेली असते की, दालन रिकामे असेल तर नवा कोरा डेटाबेस तयार करावा. मग पहाटे तीनच्या सुमारास रुग्णालयाचा डेटाबेस सुरू झालेला दिसतो, पण आत एकही रुग्ण नसतो. आणि थोड्या वेळाने खरी डिस्क त्या कोऱ्या वहीवर येऊन बसते. ही सोय काढून टाकणेच श्रेयस्कर.

नव्वद सेकंदांचा घोटाळा

आता ह्या विषयातील सर्वांत नाजूक स्थळी आपण येतो. कारभाऱ्याने सेवा सुरू केली, पण ती खरोखर ‘तयार’ झाली हे त्याला कसे कळावे? जुन्या रीतीत प्रोग्रॅम जन्मला की तो तयार आहे, असे गृहीत धरले जाई. डेटाबेसच्या बाबतीत हे असत्य आहे, कारण जन्म आणि तयारी ह्यांच्या मध्ये कीर्दवाचन असते. त्या काळात आलेल्या विचारणेला तो ‘अजून सुरू होत आहे’ म्हणून परत पाठवतो. रुग्णालयाचे इतर प्रोग्रॅम त्याच्यावर विसंबून असतील तर तेही कोसळतात. ह्यास्तव नवी रीत अशी की, सेवेने स्वतः कारभाऱ्याला निरोप द्यावा, ‘मी आता तयार आहे’; तोवर कारभाऱ्याने वाट पाहावी. पोस्टग्रेसने हा निरोप देण्याची सोय २०१६ साली, ९.६ ह्या आवृत्तीत केली.

पण वाट किती वेळ पाहावी? सिस्टिमडीत, वेगळे सांगितले नसल्यास, ही मर्यादा नव्वद सेकंदांची असते. त्यानंतर कारभारी असे समजतो की नोकर कामाचा नाही, आणि त्यास ठार करतो. नित्याच्या दिवशी डेटाबेस दोनचार सेकंदांत तयार होतो, त्यामुळे हे टिपण वर्षानुवर्षे निर्दोष वाटते. वीज अचानक गेलेल्या रात्रीची गोष्ट वेगळी. शेवटच्या चेकपॉइंटनंतर कीर्द मोठी झालेली असेल, डिस्क मंद असेल, तर पुनर्वाचनाला चार मिनिटेही लागतील. नव्वदाव्या सेकंदाला कारभारी त्या वाचणाऱ्या मुनीमाचा गळा धरतो. ‘बिघडल्यास पुन्हा सुरू कर’ अशीही ओळ टिपणात असेल तर मुनीम पुन्हा बसवला जातो, पहिल्या खुणेपासून कीर्द उघडतो, आणि पुन्हा नव्वदाव्या सेकंदाला मारला जातो. ही गिरणी सकाळपर्यंत चालू राहू शकते. माहिती एक अक्षरही गहाळ झालेली नसते, कीर्द शाबूत असते, कारभारी आपले काम नेमाने करीत असतो; आणि तरीही परिचारिकेच्या पडद्यावर काही उमटत नाही.

म्हणून पोस्टग्रेसच्या अधिकृत मार्गदर्शनात ही कालमर्यादा अनंत ठेवावी असे सुचवले आहे. कारभाऱ्याला घाई शिकवावी की धीर, हा प्रश्न सेवेच्या स्वभावावरून ठरवावा. पाने दाखवणारा सर्व्हर दीड मिनिटात उभा राहिला नाही तर त्यात बिघाड आहे, हे अनुमान योग्य. डेटाबेसविषयी तेच अनुमान घातक.

थांबवण्याची कला

सुरू करण्याइतकेच थांबवणेही शिकावे लागते. बॅटरीला जोडलेला एक छोटा प्रोग्रॅम वीज गेल्याचे जाणतो आणि ठरावीक वेळाने संगणक बंद करण्याची आज्ञा देतो. हिशेब असा मांडावा. बॅटरी ६०० सेकंदांची. वीज लगेच परत येईल ह्या आशेने पहिली ३०० सेकंदे जाऊ दिली. उरली ३००. समजा स्मृतीत ८ गिगाबाइट बदललेली पाने आहेत आणि डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट लिहिते; तर अखेरच्या चेकपॉइंटलाच सुमारे ८० सेकंदे हवीत, आणि पाने डिस्कभर विखुरलेली असल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक. इतर प्रोग्रॅमांची आवराआवर वेगळी. हा हिशेब कागदावर करून पाहिल्याशिवाय बॅटरी विकत घेऊ नये.

त्यातही एक खोच आहे. पोस्टग्रेसला थांबवण्याचे तीन संकेत आहेत. पहिला, ‘सिगटर्म’, मिळाल्यावर तो नवे ग्राहक घेत नाही, पण जे आत आहेत ते आपण होऊन जाईपर्यंत सभ्यपणे थांबतो. दुसरा, ‘सिगइंट’, मिळाल्यावर तो चालू व्यवहार रद्द करून सर्वांना बाहेर काढतो, चेकपॉइंट करतो आणि मिटतो. तिसरा, ‘सिगक्विट’, मिळाल्यावर तो काहीही न आवरता उठतो. पुढच्या वेळी कीर्दवाचन अटळ. सिस्टिमडी मात्र कोणतीही सेवा थांबवताना स्वभावतः पहिलाच संकेत देतो. रुग्णालयातील दहा खिडक्यांची जोडणी सकाळपासून रात्रीपर्यंत उघडीच असते. डेटाबेस सभ्यपणे त्यांच्या जाण्याची वाट पाहतो. ते जात नाहीत. नव्वद सेकंदे सरतात. आणि कारभारी ‘सिगकिल’ हा अखेरचा संकेत देतो, जो कोणत्याही प्रोग्रॅमला ऐकून न घेता संपवतो. सभ्यतेचा परिणाम हत्येत झाला. म्हणून टिपणात दुसरा संकेत स्पष्टपणे नोंदवावा. विंडोजमध्ये हीच अडचण निराळ्या रूपात भेटते, कारण यंत्र बंद करताना सेवांना दिला जाणारा अवधी तेथे याहूनही थोडा असतो.

मोठ्या व्यवस्था थांबण्याचे वेळापत्रकच ठेवतात. रेल्वेच्या आरक्षणाचे संगणकीकरण १९८५ मध्ये दिल्लीपासून सुरू झाले. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही केंद्रे उभी राहिली, आणि १९९९ पर्यंत पाचही केंद्रे एका जाळ्यात जोडली गेली. चेन्नईचे आरक्षण कार्यालय सेंट्रल स्थानकाशेजारी, १९८५ साली आगीत जळालेल्या मूर मार्केटच्या जागेवर आहे. ह्या व्यवस्थेचे संगणक व ऑपरेटिंग सिस्टिम मुळात वर वर्णिलेल्या लिनक्सहून वेगळ्या घराण्यातील. पण नियम तोच. मध्यरात्रीच्या आसपास आरक्षण रोज थोडा वेळ बंद राहते, हे प्रवाशांच्या अंगवळणी पडले आहे. शिवाय अधूनमधून ‘डेटाबेसच्या संक्षेपणासाठी’ एखादे केंद्र रात्री काही तास बंद राहील अशी सूचना निघते. एकच बर्थ दोन कुटुंबांना विकला जाऊ नये ह्यासाठी ठरवून थांबण्याची ही किंमत फार नव्हे.

पुन्हा सुरू करावे की करू नये

पोस्टग्रेसच्या पोटात स्वतःचाच एक कारभारी आहे. एखाद्या ग्राहकाचे काम करणारा साहाय्यक अपघाताने मेला तर तो बाकीच्यांना बाहेर काढतो, कीर्द वाचतो आणि दुकान पुन्हा उघडतो. बाहेरच्या कारभाऱ्याला कळतही नाही. बाहेरच्याची पाळी येते ती आतला कारभारीच पडला तर. स्मृती अपुरी पडली म्हणजे लिनक्स कोणत्या तरी मोठ्या प्रोग्रॅमचा बळी घेतो, आणि डेटाबेस हा नेहमीच मोठा असतो; आतल्या कारभाऱ्याला त्यातून वगळण्याची ओळ टिपणात घालता येते.

अपयश आल्यास पुन्हा सुरू करावे, ही आज्ञा सामान्यतः हिताची. परंतु डिस्क भरून गेल्यामुळे डेटाबेस पडला असेल तर पुन्हा पुन्हा सुरू करून डिस्क रिकामी होत नाही. सिस्टिमडी दहा सेकंदांत पाच प्रयत्न फसले की हात टेकतो, हे शहाणपणाचेच. मग घाबरलेला माणूस जागा शोधू लागतो. पोस्टग्रेसच्या कीर्दीच्या दालनाच्या नावात पूर्वी ‘लॉग’ हा शब्द होता, आणि ‘लॉग म्हणजे जुन्या निरुपयोगी नोंदी’ अशा समजुतीने पुष्कळांनी संकटाच्या घाईत तेच दालन पुसले. खतावणी अर्धवट, आणि ती पुरी करणारी कीर्द नष्ट! शेवटी २०१७ साली, दहाव्या आवृत्तीत, त्या दालनाचे नावच बदलण्यात आले. नावातील एका शब्दाने इतकी हानी व्हावी, ही गोष्ट परिभाषा घडवणाऱ्यांनीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी राज्यकारभाराचे मोडी कागद राहिले आहेत, ते मोडी वाचता न येणाऱ्यांनी त्यांस रद्दी मानले नाही म्हणूनच.

अशीच घाईची दुसरी चूक म्हणजे कुलूप तोडणे. चालू डेटाबेस आपल्या दालनात एक लहान फाइल ठेवतो, तीत आतल्या कारभाऱ्याचा क्रमांक असतो. ‘आधीच एक डेटाबेस चालू आहे’ असा संदेश पाहून कोणी ती फाइल पुसतो आणि दुसरा डेटाबेस त्याच खतावणीवर बसवू पाहतो. पहिल्याचे साहाय्यक अजून जिवंत असले तर दोन मुनीम एकाच पानावर लिहू लागण्याचा धोका असतो, आणि तसे झाले तर कोणतीही कीर्द ते पान वाचवू शकत नाही. सेवा कारभाऱ्यामार्फतच चालवली तर ही वेळ सहसा येत नाही, कारण सेवेच्या सर्व साहाय्यकांची एकत्र गणती त्याच्यापाशी असते.

डिस्कने दिलेल्या वचनाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. डेटाबेस कीर्दीची ओळ डिस्कवर ‘पक्की’ झाल्याची खात्री ऑपरेटिंग सिस्टिमकडून मागतो. २०१८ साली असे लक्षात आले की, लिहिताना एकदा चूक झाल्यावर लिनक्स ती चूक कळवतो, पण न लिहिलेले पान ‘लिहिलेले’ समजून सोडून देऊ शकतो. दुसऱ्यांदा विचारले तर उत्तर मिळते, सर्व ठीक. त्यानंतर पोस्टग्रेसने धोरण बदलले. अशी चूक कळताच तो पुन्हा विचारीत बसत नाही. जाणूनबुजून कोसळतो आणि कीर्दीतून सर्व नव्याने चढवतो.

हे टिपण बरोबर आहे की नाही हे डिसेंबरपूर्वी पाहता येते. खऱ्या यंत्राची नक्कल घ्यावी, तिच्यावर भरपूर व्यवहार चालू करावेत, आणि चालू असतानाच तिची वीज काढावी. बटण दाबून नव्हे, वायर ओढून. वीज पुन्हा दिल्यावर हात न लावता बसून राहावे आणि घड्याळ पाहावे. नंतर कारभाऱ्याच्या नोंदवहीत त्या रात्रीची सेवेची पाने उघडावीत. तेथे क्रमाने चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: डेटाबेस मध्येच खंडित झाला होता आणि तो शेवटचा जिवंत असल्याची वेळ, कीर्दवाचन कोणत्या ठिकाणापासून सुरू झाले, ते कोठे संपले, आणि तो ग्राहक घेण्यास तयार आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या वेळांमधील अंतर लिहून ठेवावे. निदान तेवढा वेळ, नक्कल खऱ्या यंत्राइतकीच मंद असेल तर, परिचारिकेला पहाटे तीन वाजता थांबावे लागेल.